लिनक्स टाकताना पीसी हँग होतोय? घोडं कुठं पेंड खातंय ते असं शोधा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या फोनचा प्रकारच बदलला. आधी 'प्रिंटर चालत नाही' असायचं, आता 'दादा, लॅपटॉप चांगला आहे रे, पण विंडोज ११ घेत नाही म्हणतो, त्यात ते मिंट का काय ते टाकून दे'. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही, प्रोसेसर जुना, पण मशीन ठणठणीत, अशी कितीतरी मशीनं घराघरात पडून आहेत. त्यात लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकणं हे तसं अर्ध्या तासाचं काम, पण दहातल्या एखाद्या मशीनवर लोगो येतो आणि गाडी तिथंच थांबते, माऊस हलत नाही, पंखा घोंघावतोय, आणि समोरचा माणूस आपल्याकडे असं बघतो की मशीन आपणच बिघडवलं.

अशा वेळी नवीन माणूस काय करतो, तर पॉवर बटण दाबून बंद करतो आणि तेच परत करतो. पाच वेळा. मग पेनड्राईव्ह परत बनवतो आणि परत तेच. मग म्हणतो लिनक्स बेकार आहे. खरं तर हँग होणं म्हणजे बहुतेक वेळा एखादं हार्डवेअर कर्नलला (लिनक्सचा गाभा, हार्डवेअरशी बोलणारा) नीट उत्तर देत नाहीये आणि कर्नल बिचारा वाट बघत बसलाय. ते हार्डवेअर कुठलं ते सापडलं की पुढचं काम सोपं असतं. मी मिंट धरूनच लिहितोय कारण मी तेच टाकतो, उबुंटूलाही (लिनक्सचाच दुसरा प्रकार) जवळपास सगळं लागू पडतं.

सगळ्यात आधी: डेटा आणि आयएसओ

डेटा बाहेर काढला का? नसेल तर इथंच थांबा, आधी तो काढा. हँग होणाऱ्या मशीनची हार्ड डिस्क मरायला टेकलेली असू शकते आणि इन्स्टॉल म्हणजे तिच्यावर भरपूर लिहिणं.

मग आयएसओ फाईलचा (मिंट ज्या एका मोठ्या फाईलीत उतरतं ती) शा२५६ आकडा (फाईल धड उतरली का ते सांगणारी खूण) साईटवर दिलेल्या आकड्याशी जुळतो का बघा. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाईलवर राईट क्लिक केलं की सीआरसी शा म्हणून मेन्यू येतो, त्यात मिळतो. मोबाईल हॉटस्पॉटवरून तीन-एक जीबी उतरवताना मध्ये काय झालं असेल कोण सांगणार. पेनड्राईव्ह रुफस किंवा एचर या प्रोग्रॅमने बनवा आणि शक्यतो दुसरा एखादा पेनड्राईव्ह हाताशी ठेवा, लग्नात फोटोवाल्याने दिलेला फुकटचा पेनड्राईव्ह या कामाला वापरू नका, मी वापरलाय, पश्चात्ताप झालाय.

खरंच हँग झालाय का?

हे विचारायचं कारण म्हणजे संथ पेनड्राईव्हवर किंवा २ जीबी रॅमवर लाईव्ह डेस्कटॉप (इन्स्टॉल न करता पेनड्राईव्हवरूनच चालणारं मिंट) यायला पाच-सात मिनिटंही लागतात. (मिंटला २ जीबी किमान म्हणतात, पण ४ असेल तरच जीवाला स्वस्थता.) तेव्हा आधी कॅप्स लॉक दाबा. लाईट चालू-बंद होतोय तर कर्नल जिवंत आहे, फक्त चित्र गेलंय, म्हणजे संशय ग्राफिक्सवर. लाईट अजिबात बदलत नाही तर मशीन खरंच अडकलंय. आणि लॅपटॉपवर कॅप्स लॉकचा लाईट आपोआप लुकलुकायला लागला, तुम्ही हातही न लावता, तर तो कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलनेच हात वर केलेत.

कॅप्स लॉक चालत असेल तर कंट्रोल-आल्ट-एफ२ दाबून बघा. काळ्या पडद्यावर अक्षरं आली तर चांगलंच झालं, तिथं सुडो (एस, यू, डी, ओ), स्पेस, डीमेसेज (डी, एम, ई, एस, जी) अशी कमांड देऊन शेवटच्या ओळी वाचता येतात. परत चित्राकडे जायला कंट्रोल-आल्ट-एफ७, तो नाही चालला तर एफ१.

पडदा बाजूला करा

आता माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट, आणि हीच नवीन लोक करत नाहीत. बूट होताना तो जो हिरवा लोगो दिसतो ना, त्याच्यामागे कर्नल सगळं सांगत असतो, हे सापडलं, ते सापडलं, इथं अडलो. लोगो म्हणजे नुसता पडदा. तो काढायचा.

पेनड्राईव्हवरून बूट केलं की ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) मेन्यू येतो. पहिल्या ओळीवर थांबून ई दाबा. काही ओळी दिसतील, त्यातली लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, ती लांबलचक असते, दोन-दोन ओळींत मोडलेली दिसते. तिच्या शेवटाकडे क्वाएट आणि स्प्लॅश असे दोन शब्द आहेत. ते खोडा. बाकी काही खोडू नका, शेवटी दोन-तीन उणे चिन्हं असतील तर ती तशीच राहू द्या. मग एफ१० किंवा कंट्रोल-एक्स. हा बदल फक्त या एका बूटपुरता आहे, पेनड्राईव्हवर काही लिहिलं जात नाही, त्यामुळे चुकलं तरी घाबरायचं कारण नाही, रिस्टार्ट केलं की परत पहिल्यासारखं.

आता अक्षरं धो-धो वाहतील आणि एका जागी थांबतील. मोबाईलने फोटो काढा. शेवटच्या सात-आठ ओळींत गुन्हेगाराचं नाव बहुतेक वेळा असतंच. नूवो (एन, ओ, यू, व्ही, ई, ए, यू) असं दिसलं की ग्राफिक्स. एटीए १ किंवा एटीए २ आणि पुढे फेल्ड कमांड, किंवा आयओ एरर, म्हणजे डिस्क किंवा तिची केबल (पण एरर एसडीए, एसडीबी अशा नावावर असेल तर ती डिस्क आहे की तुमचाच पेनड्राईव्ह ते साईजवरून बघून घ्या). पीसीआयई बस एररची रांगच लागली तर बहुधा वायफाय कार्ड किंवा पॉवर सेव्हिंगचा घोळ. सॉफ्ट लॉकअप, सीपीयू इतके सेकंद अडकला असं आलं तर जरा गोंधळाचं आहे, पण त्यातही पहिला संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवरच घ्या.

नको ते सगळं उपटा

फोटो काढून झाला की मशीनला लागलेलं सगळं काढा. प्रिंटर, वेबकॅम, यूएसबी हब, कार्ड रीडर, एक्स्टर्नल डिस्क, दुसरा मॉनिटर. फक्त कीबोर्ड, माऊस, पेनड्राईव्ह. पेनड्राईव्ह निळ्या यूएसबी ३ मध्ये असेल तर काळ्या यूएसबी २ पोर्टात लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवर. पुढच्या पोर्टाच्या वायरी कॅबिनेटमधून फिरून येतात आणि कधीकधी अर्धवट निघालेल्या असतात.

डेस्कटॉप असेल तर कॅबिनेट उघडा. (दसऱ्याला कॉम्प्युटरला हार घालतो, पण आतली धूळ कोणी काढत नाही.) जादा पीसीआय कार्डं, डीव्हीडी ड्राईव्ह, दुसरी हार्ड डिस्क यांची वायर काढा.

आमच्याच गल्लीतल्या काकांचा असेंबल्ड पीसी होता, मिंटचा लोगो यायचा आणि तिथंच खलास. मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्या, ग्राफिक्स, रॅम, बायोस (मशीन चालू होताना मदरबोर्डमधलं पहिलं सॉफ्टवेअर) सगळं करून झालं. शेवटी क्वाएट स्प्लॅश खोडलं तर अक्षरं थांबली ती व्हिडिओ कॅप्चरच्या कसल्याशा ओळीवर. म्हणलं काका, यात व्हिडिओचं काय आहे? तर म्हणे, 'अरे ते टीव्हीचं कार्ड आहे ना, मॅच बघायला घेतलं होतं.' कॅबिनेटमध्ये खालच्या स्लॉटमध्ये टीव्ही ट्यूनर, धुळीत पूर्ण बुडालेलं, किती वर्षं कोणी वापरलं नव्हतं देव जाणे. ते काढलं आणि अठरा मिनिटांत मिंट बसलं. पहिल्याच संध्याकाळी पडदा बाजूला केला असता तर घरी वेळेत जेवायला मिळालं असतं.

जुन्या लोकांना 'कॉन्फ्लिक्ट', म्हणजे दोन हार्डवेअरचं भांडण, म्हटलं की आयआरक्यू (हार्डवेअरने प्रोसेसरला हाक मारायची लाईन) आठवतो. तेव्हा एकूण १६ लाईनी, आणि दोघांनी एकच नंबर मागितला की दोघंही बंद, मग कार्डावरचे जंपर चिमट्याने हलवत बसायचं. आता तसं होत नाही, पीसीआय कार्डं लाईन वाटून घेतात. आताचं भांडण वेगळं आहे, ड्रायव्हर हार्डवेअरला काहीतरी विचारतो, ते अर्धवट उत्तर देतं किंवा गप्प बसतं, किंवा बायोसने दिलेली माहितीच चुकीची असते.

ग्राफिक्स: पहिला संशयित

लोगो आल्यावर काळा पडदा, किंवा रंगीबेरंगी पट्टे, किंवा डेस्कटॉप आल्या-आल्या हँग, यातलं काही असलं आणि मशीनमध्ये एनव्हीडियाचं कार्ड असलं तर पुढचा सगळा तपास बाजूला ठेवून आधी हे करा. मिंटच्या पेनड्राईव्हवर ग्रबमध्येच कंपॅटिबिलिटी मोड असा पर्याय आहे, उबुंटूत त्याला सेफ ग्राफिक्स म्हणतात. तो निवडा. नाहीतर वर सांगितलं तसं ई दाबून, क्वाएट स्प्लॅशच्या जागी नोमोडसेट लिहा. सगळी अक्षरं लहान, मध्ये स्पेस नाही: एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी.

याने होतं काय, तर कर्नल ग्राफिक कार्डाच्या खऱ्या ड्रायव्हरला हातच लावत नाही, बायोसने जो साधा पडदा उभा करून दिलाय त्यावरच काम भागवतो. लिनक्समध्ये एनव्हीडियासाठी सुरुवातीला जो नूवो नावाचा ड्रायव्हर असतो तो बाहेरच्या लोकांनी कार्डाचा अभ्यास करकरून लिहिलेला, कंपनीचा नाही, त्यामुळे काही कार्डांवर तो अडखळतो. काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं आणि एक वेगळं, तिथं तर हमखास.

नोमोडसेटने चित्र मोठं-मोठं, जाडजूड दिसेल, रिझोल्यूशन बदलता येणार नाही, ब्राइटनेसची बटणं चालणार नाहीत. चालायचंच. आपल्याला फक्त इन्स्टॉल पार पाडायचंय.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात: इन्स्टॉल झाल्यावर पहिल्या रिस्टार्टला परत तेच हँग होऊ शकतं, कारण नोमोडसेट पेनड्राईव्हच्या बूटला दिलं होतं. तेव्हा चालू करताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रब आणा, परत ई, परत नोमोडसेट. आत गेल्यावर इंटरनेट जोडा, ड्रायव्हर मॅनेजर उघडा, रेकमेंडेड लिहिलेला ड्रायव्हर टाका, रिस्टार्ट. मग नोमोडसेटची गरज नाही, आणि ते कायमचं ठेवूही नका, नाहीतर नवा ड्रायव्हर टाकूनही मशीन बैलगाडीसारखं चालेल आणि तुम्ही कार्डाला शिव्या द्याल. फार जुन्या कार्डाला ड्रायव्हर मॅनेजर काही सुचवतच नाही, तिथं बायोसमध्ये वेगळं कार्ड बंद करायची सोय आहे का बघा.

रॅम

रॅमची ओळख म्हणजे हँग होण्याची जागा दरवेळी वेगळी. कधी लोगोवर, कधी फाईली कॉपी होताना, कधी टाइमझोन निवडताना. असं बिनशिस्त हँग होत असेल तर रॅम काढा, सोनेरी पट्टीवर शाळेतलं साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका, परत बसवा (वायर काढून, आणि लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर ती काढून, हे सांगायला नको). हसू नका, आपल्याकडच्या दमट हवेत, कोकणात तर विशेष, या खोडरबराने जितकी मशीनं जिवंत केलीत तितकी कुठल्या सॉफ्टवेअरने केली नसतील.

दोन कांड्या असतील तर एकेक लावून बघा. ४ ची एका कंपनीची आणि ८ ची दुसरीची, वेगवेगळ्या स्पीडची, अशी जोडी विंडोजमध्ये चालली म्हणून इथंही चालेलच असं नाही. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने पळवायची सेटिंग) चालू असेल तर बंद करा. मग मेमटेस्ट ८६ प्लस, हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम. काही वेळा ग्रबच्या मेन्यूतच मेमरी टेस्ट असतं, नसेल तर वेगळ्या पेनड्राईव्हवर टाका, त्याची ६ व्या आवृत्तीपासूनची आवृत्ती यूईएफआय (नव्या प्रकारचं बायोस) मशीनवरही चालते. रात्री लावून झोपा. सकाळी लाल रंगात एकही एरर दिसली तर ती कांडी गेली. एकच तर आहे, चालतंय की, असं करू नका.

दरवेळी साधारण तेवढ्याच मिनिटांनी, समजा बारा-पंधरा मिनिटांनी, हँग होत असेल तर मात्र रॅमपेक्षा गरम होण्याकडे बघा. पंखा फिरतोय का, जाळीत कापसासारखी धूळ आहे का.

डिस्क दिसत नाही किंवा कॉपी करताना अडकतो

इथं दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं, डिस्क निवडायच्या पानावर डिस्कच दिसत नाही किंवा तिथंच चक्र फिरत राहतं. बायोसमध्ये जाऊन साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) बघा. इंटेल आरएसटी, रेड (आर, ए, आय, डी) किंवा व्हीएमडी असं काही असेल तर ते एएचसीआय करायचंय. पण थांबा! त्या डिस्कवर विंडोज ठेवायचं असेल तर नुसता मोड बदलला की ते विंडोज निळा पडदा दाखवून बसेल. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूट टिक करा, रिस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, मग टिक काढा. बिटलॉकर (विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, मोबाईलमध्ये नव्हे, कागदावर.

दुसरं, कॉपी करताना दरवेळी त्याच जागी अडकणं. आधी दुसरा पेनड्राईव्ह लावून बघा. तरी तिथंच तर डिस्क. लाईव्ह डेस्कटॉपवर डिस्क्स नावाचं अॅप असतं, त्यात डिस्क निवडून स्मार्ट डेटा उघडा. रिअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर, या दोन ओळी बघायच्या. पेंडिंगमध्ये शून्याच्या वर काही असेल तर त्या डिस्कवर नवीन संसार थाटू नका. डेस्कटॉपला आधी साटा केबल बदलून बघा, स्वस्तातली वस्तू आहे, आणि मी स्वतः एकदा केबलपायी चांगली डिस्क भंगारात काढायला निघालो होतो.

बायोसमधलं बाकीचं

बायोस उघडायला डेलला एफ२, एचपीला एफ१०, बूट मेन्यूला डेलला एफ१२, एचपीला एफ९, बाकीच्यांचं चालू होताना स्क्रीनवर खाली लिहिलेलं असतं. आत गेल्यावर तारीख बघा. वर्षानुवर्षं मागची तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय, म्हणजे तुम्ही केलेल्या सेटिंग वीज गेली की पुसल्या जाणार, आणि तुम्ही म्हणणार मी तर बदललं होतं. सेल बदला. मग लोड डिफॉल्ट्स करा, ओव्हरक्लॉकिंग केलेलं असेल तर ते जातं. त्यानंतर फास्ट बूट बंद, आणि लोगोच्याही आधी अडकत असेल तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद. डिफॉल्ट्स केल्यावर साटा मोड परत बदलला नाही ना ते तपासा, हे मी विसरलोय.

बायोस अपडेटने बरीच भांडणं मिटतात, २०१७ च्या पहिल्या रायझनवर तर बरेच प्रश्न त्यानेच सुटले. पण अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड जातो, तेव्हा लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी आणि डेस्कटॉपला यूपीएस हवाच.

एवढं करूनही नाही झालं तर

नोमोडसेटसारखेच आणखी काही शब्द आहेत, ते त्याच ओळीत लिहायचे, आणि एका वेळी एकच. पीसीआयई एररची रांग लागत असेल तर पीसीआय, बरोबरचं चिन्ह, नोएईआर (एन, ओ, ए, ई, आर). याने एररचं ओरडणं बंद होतं, मूळ दुखणं कधीकधी तसंच राहतं, पण इन्स्टॉल होतं. मग नोएपिक (एन, ओ, ए, पी, आय, सी), तो इंटरप्टची (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या हाकांची) वाटणी जुन्या पद्धतीने करायला लावतो. आणि अगदी शेवटी एसीपीआय, बरोबर, ऑफ. शेवटी का, तर याने बॅटरी, झाकण बंद केल्यावर झोपणं, कधी टचपॅडसुद्धा जातं. तो फक्त तपासायला वापरा: याने चालू झालं तर दोष बायोसने दिलेल्या माहितीत आहे, जा आणि बायोस अपडेट बघा.

सेलेरॉन एन२८४०, पेंटियम एन३५४० अशी बे ट्रेलवाली स्वस्त लॅपटॉपं असतील तर त्यांची गोष्ट वेगळी. ती निवांत बसल्यावर हँग होतात, काम करताना नाही, कारण प्रोसेसर गाढ झोपेत जातो आणि उठतच नाही. तिथं इंटेल, अंडरस्कोर, आयडल (आय, डी, एल, ई), टिंब, मॅक्स, अंडरस्कोर, सीस्टेट (सी, एस, टी, ए, टी, ई), बरोबर, १ असं सलग लिहा. बॅटरी थोडी लवकर उतरेल.

ज्या शब्दाने काम झालं तो कायमचा ठेवायचा असेल (नोमोडसेट सोडून) तर इन्स्टॉलनंतर ईटीसी फोल्डरातल्या डिफॉल्टमधली ग्रब नावाची फाईल अॅडमिन म्हणून उघडा, जिथं क्वाएट स्प्लॅश अवतरणात दिसतं तिथंच पुढे स्पेस देऊन तो शब्द टाका, सेव्ह करा, टर्मिनलमध्ये सुडो अपडेट-ग्रब. अपडेट आणि ग्रबच्या मध्ये उणे चिन्ह.

विंडोज टाकणाऱ्यांसाठी दोनच ओळी: विंडोज ७ च्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही, त्यामुळे नव्या मशीनवर कीबोर्ड-माऊस मेल्यासारखे वाटतात पण मशीन हँग नसतं. आणि विंडोज ११ ला इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क दिसत नाही, तिथं कंपनीच्या साईटवरून व्हीएमडीचा ड्रायव्हर पेनड्राईव्हवर घेऊन लोड ड्रायव्हर करायचं.

मिंट बसलं, दोन दिवस नीट चाललं, की काढलेल्या वस्तू एकेक करून परत लावा, प्रत्येकीनंतर एकदा रिस्टार्ट. सगळं एकदम लावलंत आणि परत हँग झालं तर परत पहिल्यापासून. काकांचं बाकी सगळं परत लावून दिलं. टीव्ही ट्यूनर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, काका अजून विचारतात, मी अजून म्हणतो, आणतो.